चाळीस प्रवेश झाले, नाटक कुठे आहे?

प्रश्न असा आहे. नऊ जणांचा एक हौशी नाट्यगट गेले चार महिने ‘कर्ज’ या विषयावर स्वतःचे नवे नाटक उभे करण्याच्या प्रयत्नात आहे. तयार संहिता घ्यायची नाही, तालमीतूनच नाटक निघावे, असे गटाने सुरुवातीला ठरवले. उत्स्फूर्त प्रवेश करता करता चाळीसच्या आसपास प्रवेश साठले. त्यांतले काही खरोखर चांगले आहेत, प्रत्येकाला आपापला प्रवेश प्रिय आहे, आणि नाटक मात्र दिसत नाही. आता बाहेरून लेखक आणावा, गटानेच बसून लिहावे, की आणखी प्रवेश करत राहावे, असे विचारले आहे.

लेखकाची गरज तुम्हाला लागेल, पण ती दुसऱ्या क्रमांकाची गरज आहे. तुमच्या गटाने साहित्य निर्माण करण्याची व्यवस्था लावली आणि ते नाकारण्याची व्यवस्था लावायची राहून गेली, ही पहिली अडचण. सगळे बरोबरीने काम करत आहेत, तेव्हा कोणाचेच काही टाकायचे नाही, असा एक संकेत सामूहिक निर्मितीत हळूहळू तयार होतो. तो कोणी बोलून दाखवत नाही, पण चाळीस प्रवेश साठतात ते त्यामुळेच. प्रेक्षकाला काय दाखवायचे नाही याच्या निर्णयांतून नाटकाला आकार येतो, आणि असे निर्णय घेण्याचा अधिकार ज्या गटात कोणाकडेच नाही, त्या गटाचे चाळीसाऐवजी ऐंशी प्रवेश झाले तरी त्यांचे नाटक होत नाही. म्हणून ‘आणखी प्रवेश करत राहावे का’ या भागाचे उत्तर लगेच देतो: थांबा. निदान काही आठवडे एकही नवा प्रवेश करू नका.

यापुढचे बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे. प्रयोगाची तारीख ठरली आहे का, नऊ जणांपैकी कोणी पूर्वी लिहिले आहे का, दिग्दर्शक म्हणून एकाला मान्यता आहे की दर तालमीला वेगळा माणूस बाहेर बसून पाहतो, लोक नोकरी सांभाळून संध्याकाळी येतात की पूर्ण वेळ देऊ शकतात, यानुसार मार्ग बदलतो. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या नामांकित संचांच्या पद्धती वाचताना आपण हे विसरतो की एखाद्या वाटेने महिनाभर जाऊन, ती बंद आहे असे कळल्यावर परत येण्याइतका वेळ त्यांच्याकडे होता. संध्याकाळच्या गटाला ती चैन परवडत नाही. पुढचे विवेचन मुख्यतः अशाच गटासाठी आहे.

‘कर्ज’ हा विषय आहे, आणि विषयावर प्रवेश करत गेले की प्रत्येक प्रवेश त्या विषयाचे उदाहरण होऊन बसतो. वसुलीला आलेला माणूस, हप्ता चुकलेले कुटुंब, मित्रापुढे हात पसरणारा मित्र, जामीन राहून अडकलेला शेजारी, हे सगळे खरे असते. पण उदाहरणे एकापुढे एक मांडली की त्यांचा निबंध होतो. गटाला विषयातून एक प्रश्न काढावा लागतो, आणि तोही असा, की ज्याच्या उत्तराबद्दल तुमच्याच नऊ जणांत प्रामाणिक मतभेद असेल. ‘कर्जाने माणूस पिळला जातो’ यावर सर्वांचे एकमत आहे, म्हणूनच ते वाक्य नाटकाला निरुपयोगी आहे. ‘ज्याचे पैसे द्यायचे राहिले आहेत त्याच्यावर माणूस मनापासून प्रेम करू शकतो का?’ असे विचारले तर काही जण हो म्हणतील, काही जण ठामपणे नाही म्हणतील, आणि दोन्ही बाजूंना स्वतःच्या आयुष्यातले पुरावे सापडतील. असा प्रश्न शोधण्यासाठी पुन्हा शून्यापासून चर्चा करण्याची गरज नाही. तुमच्या चाळीस प्रवेशांपैकी कोणत्या प्रवेशानंतर तालीम संपूनही वाद चालू राहिला, ते आठवा. प्रश्न बहुधा तिथेच आहे. तो पुढे बदलला तरी चालेल. त्याचे काम आत्ता एवढेच, की एखादा प्रवेश या नाटकात का आहे, असे विचारल्यावर ‘चांगला झाला म्हणून’ याहून बरे उत्तर देता यावे.

उत्स्फूर्त सादरीकरणाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण सामूहिक निर्मितीतले बहुतेक गैरसमज त्याभोवती आहेत. उत्स्फूर्त प्रवेशातून वागणे सापडते. दोन माणसे एकमेकांना कशी टाळतात, हात कुठे जातात, कोणत्या शब्दावर आवाज बदलतो, हे लेखकाला टेबलाशी बसून सहजी सुचत नाही आणि नटाच्या शरीरातून अचानक निघते. रचना मात्र त्यातून सापडत नाही. एका प्रवेशात पेरलेली गोष्ट तासाभराने उगवली पाहिजे, हे भान प्रवेश करणाऱ्या नटाला असू शकत नाही, आणि ते त्याच्याकडून मागूही नये. शिवाय सहकारी समोर बसून पाहत असले की नटावर रंजन करण्याचे दडपण येते. मग प्रवेश दोनच दिशांना धावतात: एक तर विनोदाकडे, नाही तर भांडणाकडे. तुमचे प्रवेश पुन्हा तपासा. त्यांतल्या किती प्रवेशांचा शेवट कोणीतरी ओरडून निघून जाण्याने होतो, ते मोजा. आकडा मोठा निघाला तर तो दोष नटांचा नाही. मांडणी तशीच केली गेली होती.

मांडणी करताना मी दोन्ही नटांना बाजूला घेऊन वेगवेगळी माहिती देतो. घरमालकाला ठाऊक असते की घर विकायचे ठरले आहे, भाडेकरूला ठाऊक असते की थकलेले भाडे आज खिशात आहे, आणि दोघांनाही दुसऱ्याची बाजू ठाऊक नसते. त्यांना हाताला काहीतरी काम देतो, जसे की गळणारा नळ दुरुस्त करणे, म्हणजे बोलणे हेच एकमेव काम राहत नाही. आणि प्रवेशाला पुरेसा वेळ देतो. पहिली काही मिनिटे नट सुचेल ते बोलतात, ते संपल्यावर जे सुरू होते त्यासाठी आपण थांबलेले असतो. ब्रिटिश दिग्दर्शक माइक ली यांची पद्धत याच तत्त्वाच्या टोकाला जाते. ते प्रत्येक नटाबरोबर स्वतंत्रपणे दीर्घ काळ पात्र घडवतात आणि नटाला त्याच्या पात्राला ठाऊक असेल तेवढेच कळू देतात. पण लोक या पद्धतीचा उत्तरार्ध सांगायला विसरतात. तालमींच्या शेवटी संवाद नेमके आणि पक्के झालेले असतात, आणि प्रयोगात नट स्वतःच्या मनाने काही बोलत नाहीत. उत्स्फूर्तता हे तिथे साधन असते. प्रेक्षकाला मिळते ती घडवलेली संहिता.

सगळेच साहित्य बोलण्यातून यायला हवे असेही नाही. मेरी ओव्हरली यांनी मांडलेल्या आणि पुढे ॲन बोगार्ट व टिना लँडाऊ यांनी विस्तारलेल्या ‘व्ह्यूपॉइंट्स’सारख्या पद्धतींत गती, अंतर, पुनरावृत्ती, अवकाश यांच्या सरावातून समूहाच्या हालचाली सापडतात. बडबड्या गटाला मी असे काम आवर्जून देतो. तुमच्या विषयात नऊ जण एका रांगेत उभे आहेत आणि रांग पुढे सरकत नाही, एवढ्या एका गोष्टीवर पूर्ण तालीम खर्च करता येईल, आणि त्यातून जे मिळेल ते सात-आठ संवादी प्रवेशांना बाद करू शकेल.

नोंदींचा मुद्दा थोडक्यात. मोबाइलवर केलेले चित्रीकरण कोणी पाहत नाही. तासन्‌तासांची फीत साठते आणि ती आहे म्हणून लिहून ठेवण्याचा आळस होतो. प्रत्येक तालमीला एक माणूस फक्त लिहिण्यासाठी बसवा. त्याने जसेच्या तसे कानावर पडलेले थोडे नेमके शब्द लिहावेत, प्रवेशाच्या सुरुवातीला आणि शेवटी कोणाची बाजू वरचढ होती ते लिहावे, आणि ज्या क्षणी खोलीतले सगळे सावरून बसले तो क्षण लिहावा. चित्रीकरण शंका निरसनापुरते ठेवावे. त्याचे शब्दशः लेखन करून ‘हा घ्या संवाद’ असे म्हणणे हा भ्रम आहे, कारण उत्स्फूर्त बोलण्यात नट एकच गोष्ट तीन प्रकारे सांगत विचार करत असतो, आणि त्यातले दोन प्रकार त्याच्या स्वतःच्या सोयीसाठी असतात.

तुम्ही कर्जबाजारी माणसांशी, वसुली करणाऱ्यांशी, सावकारी करणाऱ्यांशी बोलला आहात की सगळे प्रवेश आपल्या कल्पनेतून आले आहेत, याचा उल्लेख प्रश्नात नाही. बोलला नसाल, तर नवे प्रवेश थांबवल्याने मोकळ्या झालेल्या संध्याकाळी त्यासाठी वापरा. अमेरिकेतल्या टेक्टॉनिक थिएटर प्रोजेक्ट या संचाने 1998 मध्ये मॅथ्यू शेपर्ड या तरुणाच्या हत्येनंतर लॅरमी या गावी जाऊन दीडेक वर्षाच्या काळात 200 हून अधिक मुलाखती घेतल्या, आणि 2000 साली रंगभूमीवर आलेले त्यांचे नाटक त्या मुलाखतींतून उभे राहिले. त्या उदाहरणात मला मुलाखतींच्या संख्येपेक्षा त्यांनी पुढे काय केले ते महत्त्वाचे वाटते. त्यांची कामाची पद्धत ‘मोमेंट’ या एककावर चालते. कोणीही सदस्य एक छोटा रंगमंचीय क्षण रचून दाखवतो, आणि त्याचा आरंभ शब्दानेच व्हायला हवा असे नसते. प्रकाश, वस्तू, ध्वनी, पोशाख यांपैकी कशापासूनही तो सुरू होऊ शकतो. त्यामुळे माहिती गोळा करणारा गट माहिती वाचून दाखवण्याच्या सापळ्यातून सुटतो. तुम्ही खऱ्या माणसांकडून गोष्टी घेणार असाल तर परवानगी आधी घ्या, ओळख लपवण्याची हमी द्या, आणि प्रयोगापूर्वी त्यांनी ‘माझे काढून टाका’ म्हटले तर ते निमूटपणे काढण्याची तयारी ठेवा. कर्जाची गोष्ट सांगणारा माणूस आपली अब्रू तुमच्या हाती देत असतो.

आता निवड. चाळीस प्रवेशांच्या चाळीस चिठ्ठ्या करा आणि प्रत्येकीवर एकच वाक्य लिहा: कोणाला काय हवे होते आणि शेवटी काय बदलले. हे वाक्य त्या प्रवेशात काम केलेल्या माणसाने लिहू नये, पाहणाऱ्याने लिहावे. काहीच बदलत नाही असे बरेच प्रवेश निघतील. ते वाईट असतीलच असे नाही. कदाचित त्यांतून एखादे चित्र, एखादे समूहदृश्य, एखादे गाणे मिळेल, पण त्यांना कथानकाचा भार उचलायला सांगू नये. उरलेल्या चिठ्ठ्यांत मी एक गोष्ट शोधतो: कोणता प्रवेश असा आहे, की तो समजण्यासाठी त्याआधी दुसरे काहीतरी घडलेले असणे आवश्यक आहे? जो प्रवेश स्वतःत पूर्ण आहे तो एकांकिकेचा ऐवज आहे. ज्याला मागचे किंवा पुढचे काही लागते, त्याच्याभोवती नाटक जमू लागते.

यानंतरचे काम जोडणीचे आहे, आणि इथे गट सर्वांत कमी धाडस दाखवतात. समजा, एका प्रवेशात एक माणूस थकबाकीची नोटीस बायकोपासून लपवतो. अगदी वेगळ्या प्रवेशात, वेगळ्या नटांनी केलेल्या, एक मुलगी सापडेल त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढते. तिसऱ्यात एक वसुली अधिकारी दारात उभा राहून घरातल्यांशी उगाच गोड बोलतो. हे तीन प्रवेश तीन घरांत ठेवायची काय गरज आहे? घर एक करा. मुलीने चित्र काढले ते त्या नोटिशीच्या पाठीवर, आणि दारात आलेल्या अधिकाऱ्याला ती ते चित्र कौतुकाने दाखवते. तीन सरासरी प्रवेशांचा एक असा प्रवेश होतो, की ज्यात आई मागे उभी आहे आणि तिला काय कळले ते एकही शब्द न बोलता प्रेक्षकाला कळते. चाळीस प्रवेशांत मिळून तुमची पन्नास-साठ पात्रे झाली असतील. ती नटांच्या संख्येइतकी, शक्यतो त्याहून कमी, होईपर्यंत एकमेकांत मिसळत जा. दोन पात्रांचे परस्परविरोधी गुण एकाच माणसात आले की त्याला प्रथमच खोली येते, हे तुम्हाला पदोपदी दिसेल.

हे सगळे नऊ जणांनी मतदानाने करावे का? माझे स्पष्ट मत आहे, की करू नये. मतदानात कोणाच्याही अत्यंत आवडीचे टिकत नाही आणि कोणालाही न खटकणारे टिकते. नाटकाला याच्या बरोबर उलट लागते. गटात मी अशी वाटणी करतो, की ऐकून घेण्याचा हक्क सर्वांना, निर्णयाचा अधिकार त्या त्या कामापुरता एकाला. प्रवेश ठेवायचा की काढायचा हे एक माणूस ठरवेल, तो कोण हे गट आधी ठरवेल, आणि आक्षेप असलेल्याला आपली बाजू पूर्ण मांडू देण्यासाठी ठराविक वेळ राखलेला असेल. समतेला यात बाधा येत नाही. उलट अधिकार कोणाकडे आहे हे उघड नसले, की तो सर्वांत मोठ्या आवाजाच्या किंवा सर्वांत जुन्या सदस्याकडे आपोआप जातो, आणि मग त्याच्याविरुद्ध दाद मागायची सोयही राहत नाही.

आता लेखकाकडे येतो. ब्रिटनमध्ये 1974 साली सुरू झालेल्या जॉइंट स्टॉक या संचाने जी पद्धत रूढ केली ती तुमच्यासाठी सर्वांत उपयुक्त आहे असे मला वाटते. लेखक, दिग्दर्शक आणि नट काही आठवडे एकत्र विषयाचा शोध घेत, प्रवेश करत, माणसांना भेटत. मग सगळे थांबत, आणि लेखक एकटा जाऊन बराच काळ लिहीत बसे. संहिता घेऊन तो परतल्यावर नेहमीच्या तालमी सुरू होत आणि त्यांत पुनर्लेखन होई. कॅरिल चर्चिल यांची काही महत्त्वाची नाटके या मार्गाने आली आहेत. या पद्धतीचा कणा म्हणजे मधली ती विश्रांती. ती असल्यामुळे निर्मिती आणि निवड एकाच खोलीत, एकाच वेळी, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत करावी लागत नाही. लेखकाला कार्यशाळेतले एकही वाक्य जसेच्या तसे न वापरण्याचे स्वातंत्र्य असते, आणि तरीही कार्यशाळेवाचून ते नाटक लिहिले गेले नसते. हे दुसरे वाक्य नटांना पटायला वेळ लागतो. त्यांना ते आधीच सांगून ठेवावे.

लेखकाशिवाय होतच नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. फ्रान्समधल्या थिएत्र द्यु सोलेय या 1964 मध्ये स्थापन झालेल्या संचाने आरियान म्नुश्किन यांच्या दिग्दर्शनाखाली 1970 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवरचे ‘1789’ हे नाटक नटांच्या उत्स्फूर्त कामातूनच उभे केले. तिथे निवडीचे काम एका रूपाने केले. क्रांतीची कथा जत्रेतले खेळ करणारे कलावंत सांगत आहेत, निरनिराळ्या मंचांवर खेळ चालू आहेत आणि प्रेक्षक त्यांच्यामध्ये उभे राहून पाहत आहेत, हे पक्के झाल्यावर कोणता प्रवेश त्यात बसतो आणि कोणता बसत नाही हे बरेचसे आपोआप ठरू लागते. तुमच्या गटाकडे असे ठाशीव रूप असेल, उदाहरणार्थ सगळे नाटक एका लिलावाच्या स्वरूपात घडते, तर दिग्दर्शक आणि गट मिळून संहिता रचू शकतील. एक नोंद मात्र करतो: हाच संच 1985 पासून एलेन सिक्सू या लेखिकेबरोबरही काम करू लागला. सामूहिक निर्मितीशी निष्ठा आणि लेखकाची गरज यांत विरोध मानण्याचे कारण नाही.

तुमच्या बाबतीत माझा सल्ला असा. नऊ जणांत लिहिण्याची खरी ओढ असलेला कोणी असेल, तर त्याने या नाटकात भूमिका करू नये आणि लेखनाची जबाबदारी घ्यावी. अभिनय सोडण्याची अट कठोर वाटेल, पण स्वतःसाठी लिहिणारा नट आणि स्वतःचे वाक्य कापू न शकणारा लेखक हे दोन्ही धोके एकाच माणसात नकोत. असा कोणी नसेल तर बाहेरून लेखक आणा. फक्त त्याच्या हाती चाळीस प्रवेशांची बाडे देऊन ‘यातून नाटक करून द्या’ असे म्हणू नका. असा लेखक एक तर शिंपीकाम करतो, नाही तर सगळे बाजूला सारून स्वतःचे नाटक लिहितो, आणि दोन्ही वेळा गट नाराज होतो. त्याला निवडीच्या बैठकांना बसवा, शिल्लक राहिलेले दहा-बारा प्रवेश त्याच्यासमोर पुन्हा करा, आणि त्याला हव्या असलेल्या परिस्थिती देऊन नवे चार-पाच प्रवेश त्याने मागावेत. उत्स्फूर्त काम बंद करा असे मी वर म्हटले ते इथवरच. नेमक्या गरजेतून मागितलेला प्रवेश आणि विषयावर सुचलेला प्रवेश यांच्या दर्जात मोठे अंतर असते.

म्हणजे इथपर्यंतचा क्रम असा झाला: नवे प्रवेश थांबवणे, एक वादग्रस्त प्रश्न निश्चित करणे, माणसांशी बोलणे, निर्णयाचा अधिकार कोणाकडे ते ठरवणे, चिठ्ठ्यांवरून निवड आणि जोडणी, आणि मग लेखनासाठी खरी सुट्टी. सुट्टी म्हणजे सुट्टीच. त्या काळात लेखकाला कोणी ‘कुठवर आले’ असे विचारू नये.

पहिल्या वाचनाला गटाची निराशा होते, हे गृहीत धरा. ज्याचा लाडका प्रवेश गेला तो गप्प बसतो आणि ज्याचा राहिला तो संहितेची स्तुती करतो. म्हणून पहिल्या वाचनानंतर त्याच दिवशी चर्चा ठेवू नये. प्रत्येकाने आपल्या प्रतीवर फक्त एवढेच खुणावावे, की कोणते वाक्य उच्चारताना अडखळायला झाले आणि कुठे आपण पुढे काय होणार याची वाट पाहायचे थांबलो. पुढच्या काही तालमींत नटांकडून ‘माझे पात्र असे करणार नाही’ हा आक्षेप हमखास येतो. तो दोन वेगळ्या कारणांनी येतो. कधी लेखकाने खरोखरच वागण्यामागचा दुवा गाळलेला असतो, आणि मग नटाचा आक्षेप अमूल्य असतो. कधी मात्र नटाला आपले पात्र अधिक सहानुभूती मिळवणारे हवे असते. फरक ओळखण्यासाठी मी प्रवेश आहे तसा तीन वेगळ्या तालमींत करून पाहायला सांगतो. दुव्याची अडचण तिसऱ्या वेळीही त्याच ओळीवर येते, सहानुभूतीची अडचण दर वेळी जागा बदलते.

पुनर्लेखनाला शेवटची तारीख हवी. प्रकाशयोजना, ध्वनी आणि नेपथ्य करणारी माणसे पक्क्या संहितेवर काम करतात, आणि रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी प्रवेशांचा क्रम बदलला, तर नटांच्या आधी त्यांचे काम कोसळते. म्हणून प्रत्येक मसुद्यावर क्रमांक व तारीख असावी, जुन्या प्रती परत घ्याव्यात, आणि एका दिवसानंतर कापण्याशिवाय कोणताही बदल होऊ नये. या मंडळींना शक्य तितके लवकर तालमीला बोलवा. नेपथ्यकाराने सुचवलेल्या एका दारामुळे संहितेतली दोन पाने अनावश्यक झालेली मी पाहिली आहेत.

नाटक अर्धवट स्थितीत मोजक्या प्रेक्षकांना दाखवण्याची पद्धत चांगली आहे, पण नंतरची चर्चा मोकाट सोडली तर नुकसान होते. अमेरिकन नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी 1990 च्या सुमारास विकसित केलेली प्रतिसादाची पद्धत मला उपयोगी पडते. प्रथम प्रेक्षक सांगतात की त्यांना काय अर्थपूर्ण, लक्षात राहणारे वाटले. मग कलावंत स्वतःचे प्रश्न विचारतात. तिसऱ्या पायरीवर प्रेक्षक मत न दडवलेले, निखळ प्रश्न विचारतात. आणि शेवटी, कलावंताची संमती घेऊनच, मत मांडतात. तिसरी पायरी सर्वांत अवघड आहे. ‘शेवट इतका लांबवला का?’ हा प्रश्न नाही, ते मत आहे. ‘शेवटच्या प्रवेशात आमच्यापर्यंत काय पोहोचावे असे तुम्हाला वाटत होते?’ हा प्रश्न आहे. चर्चा चालवणारा माणूस गटाबाहेरचा असावा. आणि खरे सांगायचे तर चर्चेपेक्षा मी प्रयोग चालू असताना प्रेक्षकांकडे अधिक पाहतो. खुर्चीत चुळबूळ सुरू झाली की त्याआधीच्या दोन-तीन मिनिटांत काहीतरी सुटलेले असते. प्रेक्षक चर्चेत त्याचे वेगळेच कारण देतात आणि उपायही सुचवतात. लक्षण त्यांचे घ्यावे, उपाय आपला शोधावा.

तुम्ही विचारले नाही, तरी श्रेयाबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. ‘रेंट’ या गाजलेल्या संगीतनाटकाच्या घडणीत ड्रामाटर्ग, म्हणजे संहिता घडवताना लेखकाला साहाय्य करणारी सल्लागार, म्हणून काम केलेल्या लिन थॉमसन यांनी सहलेखकत्वाचा दावा केला होता. 1998 मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने तो अमान्य केला, कारण मूळ लेखक आणि थॉमसन या दोघांचाही एकमेकांचे सहलेखक असण्याचा हेतू होता, हे सिद्ध झाले नाही. कायदा प्रत्येक देशात वेगळा असला तरी व्यवहारातला धडा सगळीकडे सारखा लागू पडतो: योगदान किती दिले एवढ्यावर सगळे ठरत नाही, आधी काय ठरले होते तेही पाहिले जाते. पहिला मसुदा लिहायला घेण्यापूर्वी तुम्ही एक साधा लेखी करार करा. संहितेवर नाव कोणाचे, ‘गटाच्या तालमींतून विकसित’ असा उल्लेख कसा यावा, पुढे दुसऱ्या संस्थेने नाटक केले तर परवानगी कोण देणार आणि मानधनाची वाटणी कशी, मध्येच सोडून गेलेल्या सदस्याच्या प्रवेशाचे काय, एवढे त्यात असले तरी पुरते. नाटक चांगले झाल्यावर हा कागद करणे फार अवघड जाते, कारण तेव्हा प्रत्येकाला आपला वाटा मोठा आठवतो.

वेळेचा अंदाज देतो. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी भेटणाऱ्या गटाला माणसांशी बोलणे आणि निवड यांना मिळून महिना-दीड महिना लागावा, लेखकाला किमान दोन महिने द्यावेत, आणि संहिता हाती आल्यावर तालमी व पुनर्लेखन यांना तितकाच काळ धरावा. लेखनाच्या त्या दोन महिन्यांत बाकीच्यांनी वेगळी, छोटी, तयार संहिता बसवायला घेतली तर गट एकत्र राहतो आणि लेखकाच्या मागे कोणी लागत नाही. तारीख अजून ठरलेली नसेल तर ती ठरवण्याची घाई करू नका. दुसरा मसुदा एकदा सलग उभ्याने करून पाहिल्यावरच प्रयोगाचा दिवस घ्या.